शवागारातलं गिऱ्हाईक

बेकरीवाल्या काकूंची जीभ भट्टीपेक्षा तापट, असं गल्लीत म्हणत. फक्त एका गिऱ्हाइकाशी त्या बोलतच नसत. तो सरकारी दवाखान्याच्या शवागारात कामाला होता. सगळे त्याला ‘गारठ्या’ म्हणत. तो दिसला की काकू पाव कागदात गुंडाळून फळीच्या टोकाला ठेवत आणि दोन पावलं मागे सरत.

“दिवसभर मढ्यांना हात लावतो मेला. त्याचा वारासुद्धा नको,” असं त्या सुनेला बजावत. गारठ्याला ते ऐकू जायचं. पाव उचलून तो निमूट चालू लागायचा.

मग एका सकाळी भट्टीची लाकडं आणायला गेलेल्या काकांचा टेम्पो उलटला. ओळख पटवायला मुलगा काकूंबरोबर दवाखान्यात गेला खरा, पण शवागाराच्या दारातूनच मागे फिरला. तो मटकन बाकावर बसला. काकू एकट्याच आत गेल्या.

आत फिनेलचा वास होता. फरशी नुकतीच धुतलेली होती. गारठ्या काकांच्या केसांतून हलक्या हातानं फणी फिरवत होता. चेहऱ्याची फुटलेली बाजू त्यानं स्वच्छ फडक्यानं झाकली होती.

“काकू, इकडून बघा. त्या बाजूला नका जाऊ,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “सगळं पुसून काढलंय. नखांत कणीक आहे, ती तेवढी ठेवली. म्हटलं, तुम्हाला विचारावं.”

“राहू दे,” एवढंच काकूंच्या तोंडून निघालं. त्यांचा तोल गेला आणि आधाराला त्यांनी त्याचाच हात धरला. कितीतरी वेळ सोडला नाही.

दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा काकूंनी गारठ्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं, चहा दिला. मग तो रोजच टेकू लागला. बायको लग्नानंतर वर्षभरात माहेरी गेली ती परतलीच नाही, हे त्यानं सांगितलं. एकदा म्हणाला, “पण माझी गिऱ्हाइकं चांगली हो काकू. आजवर एकानंही कटकट केली नाही.” काका गेल्यापासून काकू पहिल्यांदा हसल्या.

गल्लीला ते हसू खुपलं. समोरची शिंपीण म्हणाली, “त्याचा कप धुता, आणि त्याच हातांनी आम्हाला पाव?” एकेक गिऱ्हाईक तुटलं. संध्याकाळी पावांच्या लाद्या तशाच पडून राहू लागल्या.

“आई, आपणच आपल्या पोटावर पाय देतोय,” मुलगा म्हणाला.

“तुझ्या बापाला त्यानं धुतलं, पुसलं. तू बाहेर बाकावर होतास.”

मुलाचा चेहरा पडला. “होतो. म्हणून माझ्या पोरांनी उपाशी राहायचं?”

काकू उरलेल्या लाद्या मोजू लागल्या.

दुसऱ्या दिवशी गारठ्या पायरीवरच थांबला. कुठूनतरी त्याच्या कानावर गेलं होतं.

“आत ये.”

“नको काकू. फळीवर ठेवा.”

“आत ये म्हणते ना!”

“माझं काय, एकटा जीव. तुमचं खटलं मोठं आहे.”

काकूंनी मागे पाहिलं. सून नातवाला कडेवर घेऊन उभी होती, जमिनीकडे बघत. काकूंनी पाव फळीवर ठेवला. त्यानं तो उचलला, मान लववली आणि गेला. पुन्हा आला नाही.

आठवडाभर काकूंच्या जिवाला चैन पडेना. शेवटी त्या दवाखान्यात गेल्या. फाटकावरच्या रखवालदारानं सांगितलं, “त्यानं बदली मागून घेतली. म्हणाला, नव्या गावात माझं काम कळेपर्यंत तरी चार दिवस बरे जातील.”

“काही निरोप?”

“तुमच्यासाठी? नाही बुवा.”

काकू परतल्या तेव्हा दुकानात गर्दी होती. शिंपीण सगळ्यांत पुढे होती. “बरं केलंत हो काकू,” ती म्हणाली. सुनेनं घाम पुसत हाक मारली, “आई, जरा हात लावा ना.”

काकूंनी बाह्या वर सारल्या आणि शिंपिणीचे पाव बांधायला घेतले.