चुन्याच्या भिंतीत माझं सिमेंट

ॲन आर्बरच्या आमच्या घरापासून तासाभरावर, एका कॉलेजच्या आवारात, एक छोटं दगडी चर्च आहे. ते मूळचं इथलं नाही. इंग्लंडमधल्या एका खेड्यात ते सात-आठशे वर्षं उभं होतं. छप्पर कोसळलं, मेंढ्या आत बसू लागल्या, तेव्हा इथल्या एका श्रीमंत कारखानदाराने ते विकत घेतलं, दगडादगडावर नंबर घातले, खोक्यांत भरून बोटीने आणलं आणि पुन्हा रचलं. दार अर्धगोल कमानीचं. खिडक्या मात्र टोकदार कमानीच्या, कारण त्या बऱ्याच नंतर, फॅशन बदलल्यावर बसवल्या.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, आता रिटायर्ड. नोकरीच्या सुरुवातीला याच चर्चची उत्तरेकडची भिंत दुरुस्तीसाठी माझ्याकडे आली होती. दगडांच्या सांध्यांतला चुना भुसभुशीत झालेला. मी तो खरवडून सिमेंट भरायला लावलं आणि शिवाय दगड धरून ठेवायला आतून लोखंडी पिना घातल्या. लहानपणी आमच्या गावात बैल जुंपलेल्या घाण्यावर चुना मळताना पाहिला होता, आणि मला त्याची लाज वाटायची. चुना म्हणजे मागासलेपणा, सिमेंट म्हणजे इंजिनिअरिंग, एवढीच माझी अक्कल!

दोन वर्षांपूर्वी तिथे जीर्णोद्धार निघाला आणि मी हौसेने व्हॉलंटिअर झालो. काम एका अमेरिकन गवंडी बाईंच्या हाताखाली. पहिल्याच दिवशी त्यांनी उत्तरेच्या भिंतीवरून हात फिरवला, तर दगडाचा पापुद्राच हातात आला.

"चुन्यातून ओल बाहेर पडते," त्या म्हणाल्या. "सिमेंट ती आत कोंडतं. थंडीत तिचा बर्फ होतो आणि दगड फुटतो. कोणी केलं हे, कोण जाणे. जुने कागदसुद्धा सापडत नाहीत."

मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

घरी बायकोला सांगितलं. "अहो, मग सांगून टाका ना," ती म्हणाली. "आता तुम्हाला फायर थोडंच करणार आहे कोणी?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो.

तिसऱ्या आठवड्यात सिमेंट फोडून दगड सोडवताना दोन दगड उभे चिरले. बाईंना कारण कळेना. मला ते ठाऊक होतं, मागून माझ्याच पिनांनी ते धरून ठेवले होते. तरी मी गप्प बसून चुना कालवत राहिलो. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

मग खिडकीखालच्या दगडाची पाळी आली. त्यावर बोटभर लांबीची, बाणासारखी एक खूण होती. दगड आपण घडवला हे कळावं म्हणून पाथरवट अशी खूण कोरत. त्या माणसाचं बाकी काहीच उरलेलं नाही. बाईंनी छिन्नी लावली, हातोडा उचलला.

"थांबा!" मी ओरडलोच. "मागे पीन आहे. मीच घातली होती. सिमेंटही माझंच."

त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या दिवशी बोलला असतात तर ते दोन दगड वाचले असते."

त्यांनी करवतीचं बारीक पातं माझ्या हातात दिलं. सांध्यातून ते आत घालून मी पीन कापत बसलो. संध्याकाळी दगड अख्खा निघाला, खुणेसकट. दुसऱ्या दिवशी तो मीच कालवलेल्या चुन्यात बसला.

आता मी शनिवारी लोकांना चर्च दाखवतो. दार, खिडक्या, ती खूण. मग त्याच भिंतीतले दोन नवे, कोरे दगड. जुने कुठे गेले, असं कोणीतरी विचारतंच.

"फुटले," मी सांगतो. "कसे वाचवायचे ते मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही."