रबराचा सरडा आणि कंपनीचा भोंगा

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पिंपरीत आम्हा कारखान्यातल्या कामगारांना सुट्टी गुरुवारची, आणि गुरुवारी दुपारी टॉकीजला राक्षसांचे जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. तो दर वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. सुट्टीच्या दिवशीही डबा! इंग्रजी आम्हा दोघांनाही कळत नसे, पण त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

एकदा पडद्यावर समुद्रातून भलाथोरला सरडा वर आला. रबराचाच होता, पाठीवरची शिवणसुद्धा दिसत होती. त्यानं लाथ मारली, पुठ्ठ्याच्या इमारती उडाल्या, आणि शेजाऱ्यानं माझा दंडच धरला. "आला, आला! शेपूट बघा राव!" पाय त्यानं केव्हाच खुर्चीवर ओढून घेतले होते.

"अहो, रबर आहे ते," मी म्हणालो.

"व्हय की! खरा असता तर तिकीट काढून बघाया आलो असतो व्हय?"

तेवढ्यात सिनेमातल्या शहराला सावध करायला भोंगा वाजला, थेट कंपनीच्या शिफ्टच्या भोंग्यासारखा. हा ताडकन उठला, डबा काखेत मारून दाराकडे निघाला आणि थबकला. मागच्या रांगेतलेही चार-पाच जण उभे होते! सगळं थिएटर हसत सुटलं, आणि सगळ्यांत जास्त तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टचा भोंगा झाला. रोज मान खाली घालून आत जाणारा मी शेडच्या पत्र्यांवर बघत उभा राहिलो. रस्त्यापलीकडच्या गेटाशी तोही वरच बघत होता.

"दिसला का?" मी ओरडलो.

"अजून न्हाई!"