ब्रिटाचा मोजा

मार्लिस हाउगेनला त्या वर्षी नाताळ नकोसाच झाला होता. गुडघे कुरकुरत होते, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, आणि धाकटी लेक ब्रिटा चार महिन्यांच्या लिनियाला घेऊन आठवडाभर राहायला येणार होती. अमेरिकेत, मिनेसोटाच्या त्या टोकाला डिसेंबरात घराबाहेर पडायची सोय नसते. म्हणजे आठ दिवस एका छपराखाली सगळे आणि एक रडकं तान्हं.

पण खरी धास्ती वेगळीच होती. या घरात भेटवस्तूंसाठी टांगायचा प्रत्येक मुलाचा नाताळचा मोजा आईच्या हातचा. मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने भरलेला, वर नाव. एरिकचा त्याच्या पहिल्याच नाताळाला तयार झाला. कारीचा तिसऱ्या. ब्रिटाचा मात्र एकोणतीस वर्षं टोपलीत पडून होता. बर्फाचा बाहुला पुरा, घसरगाडी अर्धी, नावाची जागा कोरी. भिंतीतल्या शेकोटीवर तिच्यासाठी दुकानातला लाल मोजा टांगला जायचा, 'तात्पुरता' म्हणून. पोरीचं लग्न झालं, पोरगी आई झाली, तरी तो आपला तात्पुरताच!

त्यातला एकेक टाका कुठे घातला ते मार्लिस सांगू शकली असती. ब्रिटा पोटात असताना एरिकला कांजिण्या आल्या, तेव्हा त्याच्या उशाशी बसून बाहुल्याची टोपी झाली. नाक झालं ते कारीच्या पोहण्याच्या वर्गाबाहेर, बाकावर. मग ब्रिटा जन्मली. पोटदुखीने बेजार झालेली ती पोर खाली ठेवली की घर डोक्यावर घ्यायची. नवरा, ड्वेन, साखरेच्या बीटच्या हंगामात ट्रकवर; घरी यायचा तो फक्त झोपायला. एक हात पोरीखाली, दुसऱ्या हाताने स्वयंपाक. सुई धरायला देवाने तिसरा हात दिला नव्हता. पुढे मुलं मोठी झाली, हात मोकळे झाले, तर लाज आडवी आली. आता कोणत्या तोंडाने काढायचं ते बाहेर? टोपली उघडायची आणि तशीच मिटायची.

या उन्हाळ्यानंतर कधीतरी तिने मनाचा हिय्या केला. गळ्यात दिव्याचं भिंग अडकवून ती रोज दुपारी बसू लागली. ऑक्टोबरात लक्षात आलं की घसरगाडी कापडावर एक घर सरकलीय. दोन आठवड्यांचं काम तिने उसवलं.

"एका घराने काय बिघडतंय?" ड्वेन म्हणाला. "कुणाला दिसणार आहे?"

"मला."

"मग नशीब तुझं," म्हणून तो पेपरात शिरला.

ब्रिटा आली तेव्हा फक्त नाव राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी लिनियाची चोखणी शोधता शोधता ब्रिटाच्या हाती तो मोजा लागला. केस तीन दिवस न विंचरलेले, स्वेटरवर दुधाचे डाग. ती खुर्चीत बसलीच.

"आई, हा झाला?"

"नाव राहिलंय."

ब्रिटाने बर्फाच्या बाहुल्यावरून बोट फिरवलं. "मग लिनियाचंच घाल ना. एवढी घोडी झाले मी, मला काय करायचाय मोजा? तुझे डोळे हे असे. एकाच कामात सुटशील."

बोलणं शहाणपणाचं होतं. मार्लिसच्या तोंडात 'बरं' आलंच होतं, इतकी ती थकली होती.

"नाही," ती म्हणाली. "तिचा वेगळा होईल. हा तुझा आहे. दर नाताळाला तू त्या लाल मोज्याकडे एकदा बघायचीस आणि मान फिरवायचीस. मला काय दिसत नव्हतं?"

ब्रिटा हसली. "मला वाटायचं, मला दवाखान्यातून बदलून आणलंय. कारीनेच सांगितलं होतं."

"कारीच्या जिभेला हाड नाही." मार्लिसने भिंग काढून ठेवलं. "तुझ्यावर माया कमी नव्हती गं. जमलं नाही मला. मी दमले होते. कधीकधी तू रडायला लागलीस की वाटायचं, दार उघडावं आणि चालत सुटावं. परत येऊच नये."

इतक्या वर्षांत हे तिने ड्वेनलाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिला भीती वाटली.

ब्रिटाची मान खाली गेली. "काल मी न्हाणीघरात नळ सोडून उभी होते," ती हळूच म्हणाली. "ती रडत होती. ऐकू येऊ नये म्हणून सोडला होता. मला वाटलं, असं फक्त मलाच होतं."

आतून लिनियाने सूर लावला. ब्रिटा उठू लागली, पण मार्लिसने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि स्वतः जाऊन नातीला घेऊन आली.

"जा, झोप जा."

"आणि नाव?"

"हिला घेऊन कसलं नाव! राहील आज."

"राहू दे," ब्रिटा म्हणाली. "कसं राहतं ते कळलं आता."

ती रात्री उशिरापर्यंत झोपली. मार्लिसने तिला जेवायलासुद्धा उठवलं नाही.