पोत्याने आभार

आमच्या गल्लीत कचरा उचलणाऱ्या सुनंदामावशींना पहिल्या मजल्यावरच्या बाई रोज हात जोडून म्हणतात, "थँक्यू सो सो मच हं, मावशी!" आज त्याच बाईंच्या पिशवीतल्या फुटक्या बरणीने मावशींचं बोट कापलं.

"काच कागदात गुंडाळून द्या, असं सांगत का नाही त्यांना?" मी चिडले.

"इतकं गोड बोलतात गं, कसं सांगायचं?"

शब्द फुकटचे, ते पोत्याने देतात. रद्दीचा एक कागद मात्र हातून सुटत नाही. आभारांचा एवढा ढीग पुढ्यात ओतला की माणसाला तक्रारच करवत नाही.

मग मीच खालून ओरडून सांगितलं. बाई गॅलरीत येऊन गोड हसल्या. "अय्या, बरं झालं सांगितलंस. थँक्यू सो मच!" आणि दार लावून घेतलं.

बोटाला फडकं गुंडाळत मावशी म्हणाल्या, "बघ, आता तूही गप्प."