सात खिळे, आठ भोकं

शालनच्या पापण्या जड होतायत, पण झोप अजून पुरती लागलेली नाही. एप्रिलची दुपार, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि ही बाई घरातला पंखा सोडून मागच्या वर्कशॉपात फरशीवर चटई टाकून आडवी झाली आहे. का? तर म्हणे इथं आता धुळीचा कण नाही. चारच दिवस झाले, भुसा ओढायचं मशीन बसलंय ना! कोपऱ्यात उभं आहे. वर फुगणारी कापडी पिशवी, खाली भुसा साठायची प्लॅस्टिकची, आणि तिथून निघालेला मांडीएवढा पाइप छताखालून फिरून नव्या कटरला, रंधा मशीनला, सँडरला जाऊन मिळालाय. लाकडाला पातं लागलं की भुसा उडायच्या आत गडप. ज्या खोलीत पंचवीस वर्षं नाकाला पदर लावल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, तिथं आता माणूस झोपू शकतं, याचं शालनला एवढं कौतुक की ती खरोखरच झोपायला आली आहे. झळा येतात म्हणून दार लोटून आतून कडीही घातली आहे.

कटर बंद करून दहा मिनिटं होऊन गेली, तरी त्याची घरघर कानात आहे. घरघर हळूहळू बारीक होते, आणि तिच्यातून दुसराच आवाज निघतो. सर्र, सर्र. हातरंधा चालतोय.

शालन डोळे किलकिले करते. टेबलाशी तिचा नवरा उभा आहे. निवृत्ती सुतार, अख्ख्या ओगलेवाडीत दारं-खिडक्या करून दिलेला माणूस, तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेलेला. डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसात जन्मभराचा भुसा बसलाय. तो पाठमोरा रंधा मारतोय आणि फरशीवर एकही ढलपी पडत नाहीये.

"उठलीस?" तो विचारतो.

"झोपलेच कुठंय?" शालन म्हणते, आणि लगेच जीभ चावते. गेलेल्या माणसाला अशी चटकन ओ द्यायची नसते. आणि 'चल' म्हणालं तर, काही झालं तरी, जायचं नसतं. तिच्या मावशीचे मालक जाऊन वर्ष झालं होतं, ते स्वप्नात येऊन "चल गं" म्हणाले. मावशी भोळी, "आले" म्हणाली. आठवड्याच्या आत गेली. शालननं हे लहानपणापासून शंभर वेळा ऐकलंय. तेव्हा ती आता चटईवर उठून बसते, पाय पोटाशी घेते आणि मनाशी म्हणते, बाई गं, सांभाळून. हा माणूस उगाच आलेला नाही.

निवृत्ती नव्या कटरवरून हात फिरवतो. "हे कुणाचं?"

"आपलंच. प्रज्ञानं घ्यायला लावलं. मला दम लागायला लागला तर पोरगी म्हणाली, बाबांसारखं तुझं व्हायला नको."

"आणि माझं?"

आलं! शालनच्या मनात पाल चुकचुकते. त्याचं ते पट्ट्याचं जुनं मशीन तिनं गेल्या महिन्यातच उंब्रजच्या एका सुताराला देऊन टाकलंय. "आहे की," ती म्हणते. "मागं ठेवलंय झाकून."

निवृत्ती नुसती मान हलवतो. कुठं ठेवलंय, कशानं झाकलंय, पाऊस लागेल का, काही म्हणजे काही विचारत नाही. हयातीत हा माणूस एका स्क्रूसाठी सगळं घर डोक्यावर घ्यायचा, आणि आता मशीनसाठी अवाक्षर नाही? कुठंतरी पाणी मुरतंय.

"खिळे किती निघाले?" तो विचारतो.

"कुठले खिळे?"

"कुठले म्हणजे? ही चौकट कुठून आणलीस?"

खरंच की, दोघं आता कराडच्या त्या वखारीत उभी आहेत, जिथून शालननं पाडलेल्या घराची सागवानी चौकट उचलली. प्रज्ञाला जुलैत दिवस भरतायत, तिच्या बाळाच्या पाळण्यासाठी. पण वखार आज भलतीच उंच झालीय. दारांवर दारं, खिडक्यांवर खिडक्या, पार आभाळापर्यंत, आणि त्या सगळ्यांच्या वरून तो मशीनचा पाइप गेलाय. वखारवाला कुठंच दिसत नाही. निवृत्ती चौकटीवर बोट ठेवून मोजतो, एक, दोन, तीन. त्याची रीतच होती ती. जुनं लाकूड घेतलं की खिळे उपटून डब्यात टाकायचे, मग भोकं मोजायची आणि डब्यातले खिळे मोजायचे. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय लाकूड मशीनवर चढवायचं नाही.

"सात निघाले," शालन म्हणते.

"भोकं आठ आहेत."

"एखाद्या खिळ्याची दोन भोकं असतील."

"कापताना खट् झालं का?"

झालं होतं. मघाशी शेवटची फळी कापताना पातं एकदा खट् करून अडखळलं होतं. पण शालन या घडीला ते कबूल करायला तयार नाही. परीक्षा घ्यायला आलाय काय? "गाठ होती लाकडात," ती म्हणते. "सागवानाला गाठी असतात, हे मी तुम्हाला सांगू?"

"माझ्या मशीनला ठिणगी उडायची ना," निवृत्ती सावकाश बोलतो, "ती पायापुढं पडायची. दिसायची. चपलेनं दाबली की काम झालं. तुझं हे मशीन काही दाखवतच नाही बघ. जे येईल ते गिळतं."

हां, तरीच! शालनला वाटतं, एवढा वेळ नवीन मशीनला नावं कशी नाही ठेवली याचंच नवल होतं. "तुमच्या मशीननं काय दाखवलं ते मी बघितलंय," ती फणकारते. "चार महिने बघितलंय दवाखान्यात."

धूर येतो. ओळखीचा, जरा गोडसर, सागवानी भुशाचा. शालन बघते तर ती त्यांच्या पहिल्या भाड्याच्या खोलीमागं उभी आहे, आणि समोर तांब्याचा बंब. लग्नानंतरची सहा वर्षं याच बंबात निवृत्तीनं आणलेला भुसा ठासून अंघोळीचं पाणी तापवलं. बरं वाटतं तिला. क्षणभर वाटतं, बसावं इथंच, पाणी तापेपर्यंत.

"एवढ्या उन्हाचा बंब कशाला पेटवलात?"

"मी नाही पेटवला."

"मग कुणी?"

"तूच पेटवलास."

शालनच्या अंगावर काटा येतो. मी कधी? आणि हा असा का बघतोय माझ्याकडं? हयातीत कधी असं टक लावून बघितलं नाही. बंबाच्या नळीला जोडलेला पाइप तिला आत्ता दिसतो. बंबातला धूर वर जायचा सोडून त्या पाइपातून कुठंतरी लांब चाललाय. ती पाइपाच्या मागं मागं चार पावलं जाते आणि दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात पोचते. खाटा रिकाम्या. एका खाटेवर निवृत्ती, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो मास्क काढून तिच्यापुढं धरतो.

"घे. लाव."

"नको मला."

"अगं लाव. खोकतेस."

ती खोकतेय खरी. घसा जळतोय, डोळ्यांतून पाणी येतंय. पण गेलेल्या माणसाच्या तोंडावरचा मास्क आपल्या तोंडावर लावून घ्यायचा? एवढी काही ती मावशीसारखी भोळी नाही. ती हात मागं घेते.

निवृत्ती खाटेवरून उतरतो. त्याचा आवाज आता चढलाय. "शालन, ऊठ. चल बाहेर."

बोलला! शेवटी तो शब्द बोललाच. शालनला आधी धडकी भरते आणि मग असा संताप येतो की विचारू नका. तीन वर्षं या माणसासाठी रडली, त्याचं दुकान बंद पडू नये म्हणून या वयात पोळपाट-लाटणी करायला शिकली, आणि हा आलाय न्यायला!

"नाही येत," ती म्हणते. "तुम्हाला वाटलं, मी ओळखणार नाही? आल्यापासून बघतेय मी. मशीनची चौकशी काय, खिळे काय, बंब काय. दिलं मी तुमचं मशीन! उंब्रजच्या सुताराला दिलं. त्याचा पट्टा बघितला की मला तुमचा खोकला ऐकू यायचा, म्हणून दिलं. त्याचा राग काढायला आलाय ना? नाहीतर तिकडं एकट्याला करमत नसेल. काय असेल ते असो, मी येणार नाही. पोरीचं बाळंतपण कोण करणार? तुम्ही?"

निवृत्ती हसतो. हसता हसता खोकतो, जुन्या सवयीनं. "बरं केलंस दिलंस ते. भंगार झालं होतं."

"मग कशाला आलात?"

"सांगतोय की मघापासून. तू ऐकतेस कुठं? चल, बाहेर चल."

"परत तेच!"

व्हरांड्यातली भिंत दिसेनाशी झालीय. खाटाही एकेक करून धुरात जातायत. शालन चटईवर बसली आहे, वर्कशॉपात, आणि उठायचं मनातही नाही तिच्या. डोकं जड झालंय. आडवं व्हावंसं वाटतंय. तिला एवढंच ठाऊक आहे, की या माणसाबरोबर दाराबाहेर पाऊल टाकलं की संपलं. इथं बसून राहिलं तर जीव वाचला.

निवृत्ती तिच्याकडं बघत थांबतो. बायकोचा हट्ट त्याला नवा नाही. तिला ओढून काही होत नाही, हेही त्याला बत्तीस वर्षांच्या संसारात कळलेलं आहे. मग तो गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसतो, मशीनच्या बुडाशी, भुशाच्या पिशवीला टेकून, मांडी घालून.

"बरं," तो म्हणतो. "नको येऊस माझ्याबरोबर. मी इथंच थांबतो. तू एकटी जा."

शालन डोळे बारीक करून त्याला न्याहाळते. यात काय डाव आहे? "मी गेल्यावर मागनं येणार नाही?"

"हा बघ, बसलो."

"शपथ?"

"पोरीची शपथ. जा आता. पाळणा मोठा कर, दोन वर्षं तरी पुरला पाहिजे."

मग ती उठते. पाय आपले नसल्यासारखे झालेत. भिंत धरून, टेबल धरून, एकेक पाऊल टाकते, आणि दर पावलाला वळून बघते. बसलाय. अजून बसलाय. दाराशी पोचते, कडी काढते आणि तिथंच घुटमळते, कारण आता तिला भलतंच वाटायला लागलंय. त्याला एकट्याला इथं सोडून कसं जायचं? ती मागं वळायला लागते.

"मागं काय बघतेस!" अगदी कानाशी आवाज येतो, आणि पाठीत सणसणीत थाप बसते.

शालन दारातून बाहेर, उन्हात, तोंडावर आपटता आपटता वाचते. जागी आहे. चांगली खडखडीत जागी. खोकून खोकून कोलमडते आणि मागं बघते तर दारातून पिवळट काळा धूर लोटतोय. आत मशीनची खालची पिशवी वितळून लोंबतेय, आणि तिच्यातला भुशाचा ढीग आतल्या आत लाल धुमसतोय. ज्वाळा नाही, आवाज नाही. चटईचं एक टोक जळून गेलंय, डोक्याकडचं.

"बेबीताई! अगं ए बेबीताई! पाणी!"

शेजारची बेबीताई भांडी घासत होती, ती तशीच राखेच्या हातांनी बादली घेऊन धावते. दोघी मिळून बादल्यांवर बादल्या ओततात. बागेची नळी ओढून आणतात. अर्ध्या तासानं ढीग विझतो, काळा चिखल होऊन फरशीभर पसरतो. शालन खराट्यानं तो चाळत राहते. तिला काय हवंय ते बेबीताईला कळत नाही. शेवटी सापडतो, पात्यानं अर्धवट छाटलेला, बोटाच्या पेराएवढा खिळा. आठवा. खट् झालं तेव्हाच त्याची ठिणगी उडाली होती, आणि पाइपानं ती भुशाच्या पोटात नेऊन ठेवली होती.

शालन पायरीवर बसते आणि मोठ्यानं रडायला लागते. "काय काय बोलले गं मी त्यांना," ती म्हणते. "न्यायला आलाय म्हणाले. एवढा कधी संशय घेतला नव्हता मी कुणाचा."

"कुणाला बोललात वहिनी?" बेबीताई तिला जवळ घ्यायला वाकते आणि थबकते. "आणि पाठीला हे काय लागलंय?"

"काय?"

"भुसा. घामाला चिकटलाय. अख्खा पंजा उमटलाय की हो, पाच बोटांचा. केवढा रुंद! थांबा, झटकते."

"हात लावू नको!" शालन एवढ्या जोरात ओरडते की बेबीताई दचकून दोन पावलं मागं सरते.

मग सगळी गल्ली गोळा होते. कुणी चहा आणतं, कुणी पुण्याला प्रज्ञाला फोन लावतं, कुणी म्हणतं वहिनी, आत चला, जरा भिंतीला टेकून बसा, दमलात. शालन सगळ्यांना हो हो म्हणते. चहा पिते. लेकीशी नीट बोलते. आणि दिवेलागणीपर्यंत त्या पायरीवर ताठ बसून राहते, पाठ कशालाही न टेकता.