त्रिंबक मास्तरांची झडती

प्रभुभोजनाच्या रविवारी प्याला हातात आला की त्रिंबक मास्तर तो दोन्ही हातांनी धरत, मान खाली घालत आणि न पिता पुढच्या माणसाच्या हातात देत. भाकरीही ते घेत नसत. कल्याणच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणीच त्याविषयी बोलत नसे. आमच्याकडे प्याला एकच असे. चटईवर पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसत आणि तो हातोहात फिरे. माझे वडील, याकोबराव, मास्तरांच्या उजव्या हाताला बसत. त्यामुळे मास्तरांकडे प्याला नेहमी बाबांच्या हातून येई.

मास्तरांविषयी लिहायला मी धजावतो आहे खरा, पण ते मला नीट साधेल की नाही याची शंका आहे. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. बाबा रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले. नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातून ते कामासाठी कल्याणला आले आणि इथेच आईसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. मी मॅट्रिक झालो आणि मुंबईला कॉलेजात गेलो तो केवळ मास्तरांमुळे.

मास्तर ठाण्याच्या एका ब्राह्मण घरातले. त्यांनी ख्रिस्ताला धरले तेव्हा घरच्यांनी ते जिवंत असताना त्यांचे घटश्राद्ध घातले आणि त्यांच्या बायकोला तिच्या भावांनी माहेरी नेले. हे सांगताना मास्तर कधी रडगाणे गात नसत. "देव्हारा उचलून अंगणात ठेवायला एक दुपार पुरते रे," ते म्हणत. "आत कोण बसलाय ते पाहायला मात्र रोज दिवा लागतो."

हे आत पाहणे म्हणजेच त्यांची 'झडती'. हा शब्द त्यांचाच. शनिवारी शाळा सुटायच्या आधी ते आम्हा मुलांना डोळे मिटून बसवत. "शिपाई यायच्या आत आपल्या घराची झडती आपण घ्यावी. तो आला म्हणजे तो सांगेल ते निघेल." एकदा एका मुलाने डोळे उघडून छाती काढून सांगितले, "मास्तर, या आठवड्यात मी काहीच पाप केलं नाही."

"अरे वा!" मास्तर म्हणाले. "मग उद्या देवाला सुट्टी. जा, सांगून ये त्याला."

आम्ही पोट धरून हसलो. मास्तरही हसले. मग हसू ओसरल्यावर हळूच म्हणाले, "ज्याला आपण अगदी बरे आहोत असं वाटतं ना, त्याची नाडी आधी पाहावी." तेव्हा ते कोणाविषयी बोलत होते ते मला कळले नव्हते. ते आमच्यापैकी कोणाकडेच पाहत नव्हते.

प्लेगाचे साल आले तेव्हा कॉलेज बंद झाले आणि मी घरी परत निघालो. कल्याण स्टेशनात सगळ्या उतारूंना खाली उतरवून रांगेत उभे करत. डॉक्टर एकेकाच्या काखेत, जांघेत बोटे घालून गाठ चाचपून पाही. बायका तोंडावर पदर ओढून घेत. मास्तर त्या रांगेजवळ दिवसभर उभे असत. लोकांना समजावणे, म्हाताऱ्यांना सावलीला बसवणे हे काम त्यांनी आपण होऊन घेतले होते. माझी पाळी आली तेव्हा मी शरमेने मान वळवली. डॉक्टरने मला सोडल्यावर मास्तर जवळ आले.

"लाज वाटली?"

"हो."

"मला रोज वाटते. या डॉक्टरला काखेतली गाठ सापडते, शमुवेला. मी कित्येक वर्षं माझी गाठ चाचपतोय. ती आहे, मला लागते, आणि मी कोणाला दाखवत नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. "आता वेळ थोडा उरलाय असं वाटतं."

गावात धान्याच्या वखारींमागे उंदीर मरून पडू लागले होते. लोक घरांना कुलपे लावून कोपर गावाकडे, त्याही पलीकडे शेतात झोपड्या घालून राहू लागले होते. त्या शनिवारी प्रभुभोजनाच्या तयारीची सभा झाली. रिवाजाप्रमाणे पाळकसाहेबांनी विचारले, "कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल तर आज ते मोकळं करावं." या प्रश्नानंतर आमच्याकडे नेहमी थोडी शांतता होई आणि मग गीत सुरू होई. त्या दिवशी मास्तर उभे राहिले.

"माझ्याकडे प्याला याकोबरावांकडून येतो," ते म्हणाले. "एका रविवारी माझ्या लक्षात आलं की मी तो फिरवून घेतो. त्यांचे ओठ लागलेली कड पलीकडे करतो आणि मग पितो. मनानं ठरवलं नव्हतं. हातच करत होता. पुढच्या खेपेस मी हात आवरला, तर पोटातून शिसारी आली. तुम्हां सगळ्यांना एका पित्याची लेकरं म्हणून शिकवणारा मी. त्या दिवसापासून मी प्यालो नाही. मंडळीनं मला क्षमा करावी."

मी बाबांकडे पाहिले. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते. मग ते उठले, पागोटे डोक्यावर ठेवले, पायताणे घातली आणि चालू लागले. आई बायकांच्या बाजूने उठली, मीही उठलो.

घरी पोचेपर्यंत बाबा आमच्या पुढे झपझप चालत होते. पोचल्यावर मात्र त्यांना आवरेना.

"त्यो हलका झाला! वज्जं उतरलं त्येचं, आन् माज्या डोक्यावर ठिवलं. इतकी वर्सं म्या त्येच्या शेजारी बसलो. वाटायचं, हितं तरी कुनी बाजूला सरकत न्हाई. आता काय करू? डोळं मिटलं तरी त्येचा हातच दिसनार मला."

"त्यांनी खरं सांगितलं, बाबा," मी कसाबसा म्हणालो.

"खरं म्हनं! गावात बी खरंच सांगत व्हते की आमाला. तोंडावर सांगत व्हते."

दुसऱ्या दिवशी बाबा प्रार्थनामंदिरात गेले नाहीत. त्यानंतरही नाहीत. मी मास्तरांच्या खोलीवर गेलो. रागात गेलो होतो, पण ते चुलीपुढे बसले होते आणि भात करपत होता, त्यांच्या ध्यानात नव्हते. मी भांडे उतरवले.

"याकोबराव काय म्हणाले?"

मी सांगितले. जसेच्या तसे सांगितले. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"बरोबर आहे त्यांचं. देवाला सांगायचं ते देवाला, आणि याकोबरावांना सांगायचं ते याकोबरावांच्या दारात जाऊन. मी दोन्ही सभेत सांगितलं, सुटायच्या घाईनं. झडतीचासुद्धा गर्व असतो, शमुवेला. ही गाठ मला लागलीच नव्हती."

मग ते आमच्या दाराशी येऊ लागले. रेल्वेच्या चाळीत आमची एक खोली. ते ओटीखाली उभे राहत. आई घोंगडी टाकून म्हणे, "बसा मास्तर." ते बसत नसत. बाबा आत असत, पण बाहेर येत नसत. मास्तर थोडा वेळ थांबून, "येतो वहिनी," म्हणून जात. क्षमेचा शब्दही त्यांनी पुन्हा काढला नाही. चाळीतले लोक कुजबुजत, "बामन मास्तर म्हाराच्या दारात उभा राहतो." बाबांना त्याचीही चीड येई.

एके दिवशी मास्तर आले नाहीत. दुपारी शाळेचा शिपाई सांगत आला की सकाळी आंघोळीच्या वेळी मास्तरांच्या हाताला जांघेत गाठ लागली. त्यांनी खोलीला कुलूप लावून किल्ली पाळकसाहेबांच्या ओट्यावर ठेवली, कोणाला जवळ येऊ दिले नाही, आणि ते स्वतःच चालत खाडीकडच्या प्लेगाच्या झोपड्यांत गेले.

आईने बाबांकडे पाहिले. "जावा."

"म्या कशापायी?"

"मग बसा. अन् परवा मंडळीत नव्यानं आलेल्या त्या मांगाची पोर आपली घागर भरून ठिवून गेली, ते पानी तुमी कुठं वतलंत ते बी जरा इच्यार करत बसा. तिनं बगितलं न्हाई म्हून बरं झालं. म्या बगितलं."

त्या कुटुंबाचा बाप्तिस्मा नुकताच झाला होता, आणि आमच्या गावी महार मांगाच्या हातचे पाणी पीत नसत. बाबांचा चेहरा एकदम काळवंडला. ते आईवर हात उगारतील असे मला वाटले. पण ते उठले आणि पितळी तांब्या शोधू लागले.

झोपड्या बांबूच्या तट्ट्यांच्या होत्या. फिनेलच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होते. दारावरच्या माणसाने आधी नको म्हटले, मग आम्हाला पाहून काय वाटले कोण जाणे, "लवकर या," म्हणाला. मास्तर शेवटच्या खाटेवर होते. एका दिवसात माणूस इतका खंगतो हे मी तेव्हा पाहिले. बाबांना पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"पडून ऱ्हावा," बाबा म्हणाले. "पानी आनलंय."

मास्तर तांब्याकडे पाहत राहिले. "आधी तुम्ही प्या, याकोबराव."

मला भीती वाटली. बाबांनाही वाटली असणार. पण त्यांनी तांब्या तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि पुढे केला. मास्तरांनी हात उचलला. तो अर्ध्यावर येऊन खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

"हातानं घेऊ द्या," ते पुटपुटले. "हात काय करतो ते मला पाहायचंय."

"आता काय पाहता मास्तर," बाबा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच तांब्या त्यांच्या ओठांना लावला. मास्तर प्याले. बरेचसे पाणी हनुवटीवरून गळ्यात गेले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मन मोकळं झालं का हो, याकोबराव? माझं राहू द्या. तुमचं?"

बाबांनी तांब्या खाली ठेवला. हो म्हणा, मी मनात म्हणत होतो, एवढं एक हो म्हणा.

"अजून न्हाई, मास्तर," बाबा म्हणाले. "खोटं कसं बोलू? उद्या येतो."

मास्तरांचा चेहरा उजळला असे मला वाटले. तापाचाही तो भास असेल. "खोटं बोलला नाहीत, फार बरं केलंत," ते म्हणाले. "उद्या या. मी वाट पाहतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा मास्तरांची रिकामी खाट बाहेर उन्हात काढलेली होती आणि एक माणूस तिच्यावर चुना मारत होता. बाबांनी त्याला काही विचारले नाही. ते तट्ट्याला धरून उभे राहिले.

"पोरा," ते म्हणाले, "रातीच तयार झालं व्हतं माझं मन. म्या उठून आलो न्हाई. म्हनलं, उजाडू दे."

खाडीवरून खारा वारा येत होता. चुना मारणारा माणूस आम्हाला दूर व्हायला सांगत होता. बाबा हलले नाहीत.