तळ्याच्या तळाखालचे व्याही

माझा थोरला भाऊ फ्रुक्तुओसो बोलिव्हियाच्या नौदलात सव्वीस वर्षं होता आणि त्याने समुद्र पाहिलेला नाही. यात हसण्यासारखं काही नाही. देशालाच समुद्र नाही, मग नौदल डोंगरांत उंचावर असलेल्या आमच्या तितिकाका तळ्यात बोटी चालवतं. समुद्र आम्हाला पूर्वी होता, तो लढाईत गेला. दर वर्षी तेवीस मार्चला दादा कडक इस्त्रीचा गणवेश घालून त्याच्या नावाने संचलन करतो. निवृत्त झाला तरी करतो. गुडघा दुखतो, पण समुद्राचा विषय निघाला की दादा गुडघ्याचं ऐकत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी योवाना. आई लहानपणीच गेली, म्हणून तिला आम्ही दोघांनी वाढवलं. म्हणजे मी वाढवलं आणि दादाने सूचना दिल्या. ती आमच्याच देशातल्या सांताक्रूझला नर्सिंग शिकायला गेली आणि सुट्टीत घरी आली ती लग्न ठरवूनच. मुलगा पॅराग्वेचा, नाव देर्लिस, तिकडच्या नदीवर मालवाहू बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.

दादाने भिंतीवरचा नकाशा काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. सूप गार झालं.

"पॅराग्वेला समुद्र नाही," तो म्हणाला.

"आपल्यालाही नाही, बाबा."

"आपला होता."

यापुढे आमच्या घरात कुणाला बोलता येत नाही. योवाना तरी नकाशावर वाकून राहिली.

"त्यांना नदी आहे. या काठावरून त्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही, एवढी मोठी. आणि सगळी सपाटी. चालताना दम लागत नाही."

"सपाटीच असणार. त्यांचा सगळ्यात उंच डोंगर आपल्या तळ्याच्या तळाच्याही खाली राहतो. म्हणजे तू तळ्यात बुडालीस तरी त्यांच्या वरच असशील."

"मग उतरायला सोपं पडेल," योवाना म्हणाली.

दादाने नकाशाची घडी घातली. चुकीच्या बाजूने घातली, ती मी नंतर नीट केली.

मागणी घालायला मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी यायचं, ही आमची रीत. त्यांनी तीनदा दार ठोठावायचं. पहिल्यांदा आपण गप्प बसायचं. दुसऱ्यांदा आतून म्हणायचं, घर चुकलात. तिसऱ्यांदा उघडायचं, मग नाही म्हणायचं, त्यांनी मुलाचे गुण गात विनवण्या करायच्या आणि शेवटी हो म्हणायचं. मुलाने स्वतः तोंड उघडायचं नाही. मुलीने दाराला हात लावायचा नाही.

योवानाने दादाला आठवडाभर आधी बजावलं होतं. "तिकडे उकाड्यामुळे दारं उघडीच असतात, त्यामुळे कुणी ठोठावत नाही. फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवतात. थेट दारापर्यंत जाणं त्यांना उर्मटपणा वाटतो. देर्लिसला मी सांगितलंय, पण त्याचे वडील ऐकतील असं वाटत नाही."

"हं," दादा म्हणाला होता.

ठरल्या दिवशी दुपारी देर्लिस आणि त्याचे वडील एलिहियो असे दोघे आले. दादा गणवेशात दाराकडे तोंड करून बसला होता. योवानाचा फोन त्याने सकाळीच काढून घेतला होता, रीत म्हणून. आमच्या रीतीत फोनाबद्दल काही नाही.

फाटकाशी टाळ्या वाजल्या.

"आले!" योवाना स्वयंपाकघरातून ओरडली.

"ठोठावलं नाही अजून," दादा म्हणाला.

पुन्हा टाळ्या. मी खिडकीतून पाहिलं. एलिहियो पांढऱ्या पातळ सदऱ्यात उभे होते, बगलेत चीजच्या पावांची पिशवी. समुद्रसपाटीच्या जेमतेम वर राहणारा माणूस तीन दिवसांत पावणेचार हजार मीटर चढून आला होता आणि वाऱ्यात टाळ्या वाजवत होता. ओठ जांभळे पडलेले. मुलगा दाराकडे बोट दाखवत होता, ते मान हलवून नकार देत होते.

"दादा, अरे उघड. माणूस पडेल."

"टाळ्या म्हणजे काही ठोठावणं नव्हे."

मग टाळ्यांमधलं अंतर वाढत गेलं आणि त्या थांबल्या. मी पुन्हा पाहिलं तर ते दगडावर बसले होते आणि देर्लिस त्यांना वारा घालत होता, तेही आमच्याकडच्या थंडीत.

माझा संताप झाला. "तुला रीतीचं काही पडलेलं नाही! मुलगी द्यायची नाही, एवढं बोल की सरळ."

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "द्यायची नाही असं नाही, इलारिया. पण तिथल्या दाट हवेची तिला सवय होईल. मग कधी इथे आली तर तीही अशीच त्या दगडावर बसेल. स्वतःच्या घरी यायला तिला दम लागेल."

मलाही तीच भीती होती, फक्त मी ती डोंगराच्या उंचीत मोजली नव्हती.

तो उठला आणि एकदाही न ठोठावलेलं दार त्याने उघडलं. एलिहियोंना धरून आत आणलं, शाल दिली, उंचीवर दम लागला की देतात तो कोकाच्या पानांचा चहा पाजला. मग समोर बसून रीतीप्रमाणे म्हणाला, "नाही."

आता त्यांनी विनवायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी नुसती धाप बाहेर आली. देर्लिसला बोलायची बंदी. शेवटी दादाच म्हणाला, "तुम्ही म्हणाल, मुलगा इंजिनांत हुशार आहे." त्यांनी मान डोलावली. "मी म्हणेन, तरीही नाही. तुम्ही म्हणाल, दारू पीत नाही." ते क्षणभर थांबले, मग मान डोलावली. असं बराच वेळ चाललं. दोन्ही बाजू दादाच लढवत होता आणि हळूहळू हरत होता.

शेवटी तो म्हणाला, "बरं, हो." "पण वर्षातून एकदा तिला वर पाठवा. श्वासाची सवय मोडू देऊ नका."

एलिहियोंनी दम गोळा करायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. त्यांनी शालीतून हात बाहेर काढला आणि दोन बोटं दाखवली.